ड्रूल्सवर पाच वर्षं: नियम ताजे ठेवायला हे साधन कितपत पुरतं?

मी फार्मासिस्ट आहे, प्रोग्रॅमर नाही. तरीही गेली पाच वर्षं माझा निम्मा दिवस नियम वाचण्यात, दुरुस्त करण्यात आणि काढून टाकण्यात जातो. आमच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शन लिहिलं की सॉफ्टवेअर ते तपासतं आणि काही खटकलं तर अलर्ट दाखवतं: डोस जास्त आहे, ही दोन औषधं एकत्र नकोत, या पेशंटची किडनी आधी बघा. या अलर्टमागे सातशेच्या आसपास नियम आहेत. ते चालवणारं इंजिन म्हणजे ड्रूल्स.

ड्रूल्सबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक डेव्हलपरने डेव्हलपरसाठी लिहिलेलं असतं. वेग किती, मेमरी किती खातं, आपल्या प्रकल्पात जोडायला किती वेळ लागतो. माझे प्रश्न वेगळे आहेत. एक नियम लिहून झाला, चालू झाला, आणि तीन वर्षांनी त्या औषधाबद्दल वैद्यकशास्त्राचं मतच बदललं. हे कोणाला कळतं? कळल्यावर नियम बदलेपर्यंत किती दिवस जातात? आणि तो बदलताना दुसरीकडे काही मोडत नाही ना? हे परीक्षण एवढ्या प्रश्नांपुरतंच आहे.

ज्यांनी ड्रूल्स पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं, मुक्त स्रोत असलेलं नियम-इंजिन आहे. बॉब मॅकव्हर्टर यांनी ते २००१ मध्ये सुरू केलं. आता ते अपाचे या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेच्या केआयई प्रकल्पाखाली आहे. प्रत्येक नियमाचे दोन भाग असतात: ‘व्हेन’मध्ये अटी आणि ‘देन’मध्ये त्या जुळल्या तर काय करायचं ते. कोणता नियम कधी तपासायचा हे आपण सांगत नाही, ते इंजिन ठरवतं. त्यामागची मूळ पद्धत रीट नावाची आहे, चार्ल्स फॉर्जी यांनी सत्तरच्या दशकात शोधलेली. आज ड्रूल्समध्ये तिची सुधारलेली आवृत्ती आहे. माझ्यासारख्या माणसाला त्यातलं एवढंच कळलं तरी चालतं की नियम कोडच्या पोटात गाडलेले नसतात. ते वेगळ्या फाइलमध्ये असतात आणि ती फाइल मी वाचू शकते.

पण नियम बाहेर ठेवले म्हणजे ते आपोआप ताजे राहतात, असं नाही. हा अनुभव या क्षेत्राला चाळीस वर्षांपूर्वीच आला आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही कंपनी व्हॅक्स संगणकांच्या ऑर्डरी जुळवायला एक्सकॉन नावाची प्रणाली वापरत असे. ती मुळात कार्नेगी मेलनच्या जॉन मॅकडरमट यांनी बांधलेली. १९८७ पर्यंत तिच्यात ६,२०० नियम झाले होते आणि त्यातले निम्म्याच्या आसपास दरवर्षी बदलावे लागत. नवे संगणक येत, सुटे भाग बदलत, त्याबरोबर नियम बदलत. प्रणाली काम चोख करत होती, तरी तिला हात लावणं दिवसेंदिवस कठीण होत गेलं, आणि शेवटी नियम लिहिण्याची पद्धतच नव्याने आखावी लागली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमचीच फाइल दिसली.

आता मेटफॉर्मिनचा नियम सांगते, कारण पाच वर्षांत मी जे शिकले ते सगळं या एका नियमात आहे.

मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं अगदी रोजचं औषध. किडनी नीट चालत नसेल तर ते अंगात साठून लॅक्टिक ॲसिडोसिसचा, म्हणजे रक्तात आम्ल वाढण्याचा, धोका असतो, म्हणून त्यावर पूर्वीपासून बंधन आहे. जुनं बंधन क्रिएटिनिनवर, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते त्या टाकाऊ पदार्थावर, होतं: पुरुषांना १.५ आणि बायकांना १.४ मिलीग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त असेल तर देऊ नये. एप्रिल २०१६ मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने हे बदललं. नुसत्या क्रिएटिनिनवर जाऊ नका, ईजीएफआर बघा, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाजी आकडा; तो जितका कमी तितकी किडनी कमजोर. तो ३० पेक्षा कमी असेल तर औषध नको, ३० ते ४५ असेल तर नव्याने सुरू करू नका, आणि आधीपासून चालू असताना ४५ च्या खाली घसरला तर फायदा-धोका तोलून ठरवा.

मी हे काम हातात घेतलं तेव्हा २०१६ मागे पडून बरीच वर्षं झाली होती आणि आमच्या फाइलमध्ये अजून १.४ आणि १.५ होते.

कोणाचं लक्ष का गेलं नाही, यावर मी खूप विचार केला आहे. नियम चालत होता. चाचण्या पास होत होत्या, कारण चाचण्याही त्याच जुन्या आकड्यांवर लिहिलेल्या होत्या. अलर्ट येत होते, डॉक्टर ते वाचत होते. बिघाड झाला की सॉफ्टवेअर बंद पडतं, लाल अक्षरं येतात, फोन वाजतो. इथे तसं काहीच झालं नाही. मला कळलं ते एका पेशंटमुळे: ७८ वर्षांच्या बाई, क्रिएटिनिन १.३, मेटफॉर्मिन नव्याने लिहिलेलं. १.३ म्हणजे १.४ च्या खाली, म्हणून अलर्ट नाही. पण वय आणि लिंग धरून आजच्या सूत्राने त्यांचा ईजीएफआर ४२ येतो. म्हणजे सुरूच करायला नको होतं. उलट ४० वर्षांचा पुरुष, क्रिएटिनिन १.५, त्याचा ईजीएफआर ६० च्या जवळ येतो. त्याला आमचा नियम विनाकारण अडवत होता. एकच नियम, एकीला सोडून देत होता आणि दुसऱ्याला अडवत होता.

नियम बदलायला ड्रूल्समध्ये किती वेळ लागला? लिहायला वीस मिनिटं. हे मी कौतुकाने सांगते आहे. आमच्या डेव्हलपरने माझ्याशेजारी बसून ‘व्हेन’मधल्या दोन ओळी बदलल्या आणि मी त्या वाचून बरोबर आहेत म्हणाले. कोडमध्ये खोल कुठेतरी ती अट असती तर मला ती वाचताच आली नसती. या बाबतीत ड्रूल्सला पूर्ण गुण.

पुढे आवृत्तीची गोष्ट. ड्रूल्समध्ये नियमांचं एक गाठोडं तयार होतं आणि त्याला स्वतःचा आवृत्ती-क्रमांक असतो. चालू सॉफ्टवेअर बंद न करता नवं गाठोडं आत घेता येतं. आम्ही प्रत्येक अलर्टच्या नोंदीत तो क्रमांक लिहून ठेवतो. सहा महिन्यांनी एखाद्या डॉक्टरांनी विचारलं, ‘त्या दिवशी मला हा अलर्ट का दिसला नाही?’ तर त्या दिवशी कोणतं ज्ञान चालू होतं हे दाखवता येतं. आजच्या नियमांवरून कालच्या निर्णयाला दोष देणं बरोबर नाही, आणि डॉक्टरांनाही हे पटतं. या सोयीचा उल्लेख मला कुठल्याच परीक्षणात दिसला नाही. माझ्या दृष्टीने ती पहिल्या तीनांत येते.

नवं गाठोडं आपोआप उचलणारा एक स्कॅनरही आहे. ठरावीक वेळाने तो साठ्यात डोकावतो आणि नवी आवृत्ती दिसली की घेतो. आम्ही तो बंद ठेवला आहे. दाखल पेशंटसाठी आम्ही सत्र उघडं ठेवतो, म्हणजे त्यांचे रिपोर्ट, औषधं सगळं इंजिनच्या स्मृतीत असतं. नवे नियम आत आले की ते या आधीच्या माहितीलाही लागू होतात. तसंच व्हायला हवं, त्यात चूक काही नाही. पण एकदा आम्ही रात्री उशिरा एक नवा नियम चढवला आणि काही मिनिटांत सगळ्या वॉर्डांत मिळून शंभरावर अलर्ट एकदम उठले. नाइट ड्यूटीच्या सिस्टर घाबरल्या. एकीने मला फोन केला, ‘मॅडम, सगळ्यांची औषधं चुकली का?’ चुकली नव्हती. नियम नवा होता आणि पेशंट जुने होते. तेव्हापासून नवी आवृत्ती सकाळी चढते, मी समोर असताना, आणि आदल्या दिवशी वॉर्डांना कळवून.

आता एक चूक, आमच्याच हातून झालेली, पण ड्रूल्स घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावी अशी. नियम स्प्रेडशीटमध्ये लिहायची सोय आहे. एक ओळ म्हणजे एक नियम, काही रकाने अटींचे, काही कृतीचे. माझ्यासारख्यांसाठी ही फार मोठी सोय आहे, कारण स्प्रेडशीट मी स्वतः बदलू शकते. पण त्यात अटीचा रकाना रिकामा राहिला तर ड्रूल्स त्याचा अर्थ ‘ही अट या ओळीला नाही’ असा घेतं. तसं स्पष्ट लिहिलेलंही आहे. आमच्याकडे एका औषधाच्या ओळीत ईजीएफआरची वरची मर्यादा नव्या आकड्याने भरायची होती. आकडा पक्का व्हायचा होता म्हणून कोणीतरी जुना पुसला आणि रकाना तसाच राहिला. फाइल चढली. त्या औषधाचा किडनीचा अलर्ट आता सगळ्यांना दिसू लागला, धडधाकट तरुणांनासुद्धा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डॉक्टर तो न वाचताच बंद करायला लागले होते, आणि त्यातले काही अलर्ट खरे होते. त्या आठवड्यातली प्रत्येक नोंद मी हाताने तपासली. कोणाला इजा झाली नव्हती. तरी पुढचे कित्येक दिवस स्प्रेडशीट उघडताना मी आधी रिकामे रकाने शोधत असे.

यानंतर आम्ही किडनीचे सगळे तक्ते डीएमएनमध्ये नेले. ही निर्णय लिहिण्याची प्रमाणित पद्धत आहे, ओएमजी या संस्थेची, आणि ड्रूल्स ती चालवतं. त्यात ‘काहीही चालेल’ म्हणायचं असेल तर आडवी रेघ लिहायची. म्हणजे मुद्दाम सोडलेलं आणि चुकून राहिलेलं यांतला फरक डोळ्यांना दिसतो. शिवाय तक्ता तपासणारं एक विश्लेषण आहे, ते दोन ओळी एकमेकींवर चढतात का आणि मध्ये कुठे भोक राहिलंय का हे सांगतं. आम्ही मेटफॉर्मिनचा तक्ता त्यातून काढला तेव्हा त्याने एक भोक दाखवलं: बरोबर ३०. आमच्या एका ओळीत ‘३० पेक्षा कमी’ होतं, दुसरीत ‘३० पेक्षा जास्त आणि ४५ पेक्षा कमी’. नेमका ३० असलेला पेशंट दोन्ही ओळींच्या मधून निसटत होता. लॅबचा रिपोर्ट पूर्णांकात येतो, त्यामुळे नेमका ३० ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. मी तो तक्ता निदान दहा वेळा डोळ्यांखालून घातला होता. मला ते दिसलं नव्हतं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी कोणालाही डीएमएन घ्यायला सांगेन.

या ३० च्या बाबतीत पुढे आणखी एक घडलं, आणि तिथे मात्र कुठलंच साधन कामाला आलं नाही.

ईजीएफआर मोजला जात नाही, तो क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून सूत्राने काढतात. सीकेडी-ईपीआय या संशोधक गटाचं २००९ चं सूत्र होतं, त्यात वंशाचा एक गुणक होता. २०२१ मध्ये तो गुणक काढून नवं सूत्र आलं. लॅबने सूत्र बदललं, रिपोर्टचा नमुना तोच राहिला. आमच्या नियमांतलं एक अक्षरही बदललं नाही. पण ८० वर्षांच्या, क्रिएटिनिन १.७ असलेल्या बाईंचा जुन्या सूत्राने, वंशाचा गुणक न लावता, ईजीएफआर २८ येतो आणि नव्याने ३०. काल ‘देऊ नका’ सांगणारा नियम आज ‘नव्याने सुरू करू नका’ एवढंच सांगतो. पेशंट तीच, रक्त तेच, नियम तोच. वैद्यकीयदृष्ट्या नवं सूत्र वापरणं योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. माझं म्हणणं असं की नियमाला जो आकडा मिळतो त्याचा अर्थ बदलला तरी नियम बदलल्यासारखाच असतो, आणि इंजिनला ते कळायला मार्ग नाही. आम्ही लॅबला विनंती केली की रिपोर्टबरोबर सूत्राचं नाव आणि वर्षही पाठवा. आता नियमात तीही अट आहे. अनोळखी सूत्र आलं तर अलर्ट डॉक्टरांकडे न जाता माझ्याकडे येतो.

ड्रूल्सची मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे अनुमानाने ठेवलेली माहिती. एका नियमाने म्हटलं की ईजीएफआर ४५ च्या खाली आहे, म्हणून ‘किडनी जपा’ ही गोष्ट स्मृतीत ठेव. उद्या नवा रिपोर्ट ५२ चा आला की ज्या आधारावर ती ठेवली तो आधार गेला, आणि इंजिन ती आपणहून काढून घेतं. मागे कुणी साफसफाई करायची गरज नाही. या कल्पनेचं मूळ जॉन डॉइल यांच्या १९७९ च्या कामात आहे. तिला सत्य-राखण म्हणता येईल. मला तिचा उपयोग झाला तो देखभालीसाठी. पूर्वी ४५ हा आकडा आमच्या एकतीस नियमांत एकतीस ठिकाणी लिहिलेला होता. आता तो एका नियमात आहे आणि बाकीचे तीस नुसतं ‘किडनी जपा’ आहे का एवढं विचारतात. आकडा बदलायची वेळ आली तर एक ओळ. अर्थात प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी असते, त्यामुळे हे सगळीकडे लागू पडत नाही. नेफ्रॉलॉजीच्या, म्हणजे किडनी विभागाच्या, सरांबरोबर दोन संध्याकाळी बसून कोणते आकडे खरोखर एकच आहेत आणि कोणते योगायोगाने सारखे दिसतात हे आम्ही वेगळं केलं. ते काम इंजिन करत नाही.

प्राधान्याचा आकडा, म्हणजे सेलियन्स, याबद्दल फार लिहीत नाही. कोणता नियम आधी चालावा हे त्याने ठरवता येतं. आमच्या जुन्या फाइलमध्ये १०, ५०, १०० आणि एका ठिकाणी ९९९९ असे आकडे होते आणि कोणता का दिला हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. शक्य असेल तर वापरू नका.

आता उणी बाजू. ड्रूल्समध्ये नियमाला ‘या तारखेपासून लागू’ आणि ‘या तारखेनंतर बंद’ अशा दोन तारखा देता येतात. पहिली मला फार कामाची वाटते: एक तारखेपासून नवं धोरण लागू होणार असेल तर नियम आठवडाभर आधी चढवून ठेवता येतो. दुसरीबद्दल सुरुवातीला माझा मोठा गैरसमज झाला होता. मला वाटलं, प्रत्येक नियमाला दोन वर्षांची मुदत देऊ; मुदत संपली की कोणालातरी तो पुन्हा तपासावाच लागेल. डेव्हलपर म्हणाला, ‘मॅडम, मुदत संपली की तो तुम्हाला विचारणार नाही. तो फक्त चालायचा थांबेल.’ म्हणजे अलर्ट नाहीसा होईल आणि नाहीसा झाल्याचं कोणाला कळणारही नाही. जुन्या नियमाइतकाच, कदाचित त्याहून जास्त धोका. मला हवी होती ती ‘तपासायची तारीख’, आणि तशी वेगळी सोय ड्रूल्समध्ये नाही.

ती आम्ही स्वतः बांधली. नियमाला आपल्या मनाप्रमाणे माहितीच्या चिठ्ठ्या जोडता येतात. आम्ही प्रत्येकाला चार सक्तीच्या केल्या: कोणत्या आधारावर लिहिला, तो आधार कोणत्या वर्षाचा, कोणी मान्य केला, पुढची तपासणी कधी. ‘सक्तीच्या’ हा शब्द मात्र आमचा आहे. चिठ्ठ्या नसल्या तरी ड्रूल्स नियम बिनतक्रार घेतं. आमच्या डेव्हलपरने गाठोडं बांधण्याआधी चालणारी एक छोटी तपासणी लिहिली, तिच्यात चारपैकी एक चिठ्ठी कमी असेल तर गाठोडं बांधलंच जात नाही. पहिल्या दिवशी तिने सातशेपैकी साडेपाचशेच्या वर नियम नाकारले. आधार शोधायला आम्हाला वर्षभर लागलं. चाळीसेक नियमांचा आधार कुठेच सापडला नाही, आणि ते औषध समितीपुढे ठेवून एकेक ठरवावे लागले.

दुसरी गोष्ट, न वाजणारे नियम. औषधांचे कोड बदलतात. आरएक्सनॉर्म या अमेरिकेतल्या औषध-नावांच्या कोश्याची पूर्ण आवृत्ती दर महिन्याला येते, औषधांचं एटीसी वर्गीकरण दरवर्षी सुधारतं. स्नोमेड या वैद्यकीय संज्ञांच्या कोशात संकल्पना पुसत नाहीत, ती निष्क्रिय करून तिच्या जागी कोणती घ्यायची हे सांगतात. नियमात जुना कोड राहिला तर तो नियम कधीच जुळत नाही. चूक दाखवत नाही, काहीच दाखवत नाही. ड्रूल्समध्ये प्रत्येक नियम चालला की खबर देणारा श्रोता जोडता येतो. आम्ही तो जोडला आणि सहा महिन्यांत एकदाही न चाललेल्या नियमांची यादी काढायला लागलो. पहिल्या यादीत एकशेदहा होते. त्यात रॅनिटिडिन या ॲसिडिटीच्या औषधाचे नऊ होते. ते औषध २०२० नंतर आमच्या यादीतूनच गेलं होतं. बावीस नियमांचे कोड जुने झाले होते, आणि त्यातले दोन गंभीर ॲलर्जीचे होते. उरलेले बहुतेक खरोखरच क्वचित लागणारे, पण लागतील तेव्हा जीव वाचवणारे. म्हणून ही यादी बघून आपोआप काही काढायचं नाही, प्रत्येक ओळ माणसाने वाचायची. या कामाला मी महिन्यातला एक पूर्ण दिवस देते.

तिसरी गोष्ट आम्ही एका जुन्या प्रणालीकडून घेतली. सिडनीच्या गार्व्हन इन्स्टिट्यूटमध्ये थायरॉइडच्या रिपोर्टवर भाष्य लिहिणारी गार्व्हन-ईएस१ ही प्रणाली १९८४ पासून रोजच्या वापरात होती. सुरुवातीला तिचे ९६ टक्के निष्कर्ष तज्ज्ञांना मान्य होते. तिथून ९९.७ टक्क्यांवर जायला चार वर्षं लागली आणि तेवढ्यात नियमांचा पसारा दुपटीच्या घरात गेला. पॉल कॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून एक गोष्ट टिपली: तज्ज्ञाला ‘तुमचा नियम काय?’ असं विचारलं तर तो अडखळतो, पण चुकलेली केस समोर ठेवली की ती आधीच्या केसपेक्षा कशी वेगळी आहे हे लगेच सांगतो. मग त्यांनी पद्धतच तशी केली. नवा नियम जिथे चूक झाली तिथेच जोडायचा, आणि ज्या केसमुळे तो जोडला ती केस त्याच्याबरोबर जपून ठेवायची. आमचे नेफ्रॉलॉजीचे सर अगदी असेच आहेत. नियम वाचायला दिला तर ‘ठीक आहे’ म्हणतात. केस दाखवली की खुर्ची पुढे ओढून बसतात.

ड्रूल्स असं काही करायला लावत नाही, पण अडवतही नाही. आम्ही ओळख पुसलेल्या चारशे जुन्या केसेस ठेवल्या आहेत. नवी आवृत्ती चढण्याआधी त्या सगळ्या जुन्या आणि नव्या नियमांतून काढतो आणि जिथे अलर्ट बदलला तेवढ्याच ओळी छापतो. ७८ वर्षांच्या बाई त्यात आहेत, चाळिशीचा पुरुष आहे, आणि ३० च्या उंबरठ्यावरच्या ८० वर्षांच्या बाईही. प्रत्येक बदललेल्या ओळीपुढे माझी किंवा समितीतल्या कोणाची सही लागते. मेटफॉर्मिनच्या बदलाच्या वेळी सदतीस ओळी छापल्या गेल्या होत्या. त्यातल्या दोन आम्हाला नको होत्या, म्हणून आवृत्ती आठवडाभर थांबली.

इंजिन स्वतःही जुनं होतं, हे लक्षात ठेवा. सातव्या आवृत्तीवरून आठवीवर जाताना जावा ११ लागली आणि आमच्या माणसांचे काही आठवडे गेले. नियमांच्या फाइली बहुतांश जशाच्या तशा चालल्या. डेव्हलपर नसलेल्या संस्थेने मात्र ड्रूल्सच्या वाटेला एकट्याने जाऊ नये. मी पाच वर्षांनंतर नियम वाचते, तक्ते बदलते, पण गाठोडं बांधणं आणि चढवणं मला आजही एकटीला जमत नाही.

पाचपैकी गुण द्यायचे तर बदल सुरक्षितपणे पोचवण्यासाठी साडेचार, डीएमएनच्या तपासणीसह. बदल करायची वेळ झाली आहे हे सांगण्यासाठी दीड, आणि तो दीडही चिठ्ठ्या आणि श्रोता जोडता येतात म्हणून. आमच्यासारखं ज्ञान जिथे दर महिन्याला हलतं तिथे मी ते घ्यायला सांगेन, पण एका अटीवर: विषय जाणणारा एक माणूस, त्याच्या कामाच्या वेळेतले ठरलेले तास, आणि नियम काढून टाकायचा त्याला अधिकार. आमच्याकडे हे तिन्ही मिळायला दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांतही इंजिन हेच होतं आणि १.४ चा आकडा त्यातच बसलेला होता.

या महिन्याच्या तपासणीच्या यादीत चौदा नियम आले आहेत. मेटफॉर्मिनचा त्यात पुन्हा आहे, त्याची दोन वर्षं भरली.